कॅनडातला डिफेन्सिव्ह लाइनमन : एका यार्डावर उभी असलेली कारकीर्द

२००५ साली न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने कॅमेरॉन वेक नावाच्या तरुणाला करारावर घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आतच मोकळं केलं. त्याआधी एनएफएल या अमेरिकेतल्या फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून आलेल्या खेळाडूंच्या निवडीत, ३२ पैकी एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नव्हतं. पुढची जवळपास दोन वर्षं तो फुटबॉलच्या बाहेर होता. गृहकर्जाची दलाली केली, लोकांना व्यायाम शिकवला. हाच माणूस पुढे एनएफएलमध्ये अकरा मोसम खेळला, पाच वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला आणि १००.५ सॅक (चेंडू फेकायच्या आत समोरच्या फेकणाऱ्याला पाडणं) नावावर लावून निवृत्त झाला.

मधे होती कॅनडातली दोन वर्षं, २००७ आणि २००८. व्हँकुव्हरच्या बीसी लायन्स संघाकडून खेळताना त्याने ३९ सॅक केले आणि लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब दोन्ही वर्षी मिळवला. वेकची गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीने ही गोष्ट उलगडत नाही. त्याच्यासारख्या अंगकाठीच्या खेळाडूला कॅनडाच्या नियमांनी जागा करून दिली, हे त्यातलं खरं मर्म आहे असं मला वाटतं. कॅनडात डिफेन्सिव्ह लाइनमनची कारकीर्द ताकदीवर जेवढी ठरते, तेवढीच नियमपुस्तकावर, पासपोर्टवर आणि कराराच्या कागदावर ठरते. ती कशी, ते सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. कॅनेडियन फुटबॉल लीग, म्हणजे सीएफएल, या नावाने १९५८ पासून चालते. तिचा अंतिम सामना ग्रे कपचा, आणि तो चषक त्याहून जुना, १९०९ पासूनचा. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी तो दिला होता. संघ फक्त नऊ. दिसायला सगळं अमेरिकन फुटबॉलसारखंच: हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लांबट चेंडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी ठरावीक प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. या प्रयत्नांना डाउन म्हणतात. अमेरिकेत डाउन चार मिळतात, कॅनडात तीनच. शिवाय कॅनडात दर संघात ११ ऐवजी १२ खेळाडू असतात आणि मैदान जास्त रुंद, ६५ यार्डांचं. अमेरिकेत ती रुंदी ५३ यार्डांच्या आसपास आहे.

प्रत्येक डाउनची सुरुवात एकसारखी होते. सेंटर हा खेळाडू चेंडू पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तो घेतो आणि ठरवतो: कुणाच्या हातात देऊन पळवायचा, की लांब फेकायचा. त्याच्या रक्षणासाठी समोर पाच दांडगे खेळाडू रांगेत असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. आणि त्या पाच जणांना भिडणारे समोरच्या संघाचे साधारण चार जण, ती डिफेन्सिव्ह लाइन. मधले दोन टॅकल, दोन टोकांना दोन एंड.

क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला त्याच्याच रेषेच्या मागे पाडलं, तर तो सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा. वेकच्या आकड्यातला तो अर्धा तिथून आला. सॅक म्हणजे समोरच्यांचे गेलेले यार्ड आणि वाया गेलेला डाउन. जिथे मुळात तीनच डाउन मिळतात, तिथे एक वाया जाणं फार महागात पडतं. दुसऱ्या डाउनला सॅक झाला की बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब मारून परत देण्याशिवाय पर्याय उरत नाही. आणि डाउन कमी म्हणून संघ चेंडू पळवण्यापेक्षा फेकण्यावर जास्त भर देतात. म्हणजे कॅनडात क्वार्टरबॅकच्या मागे लागण्याच्या संधीही जास्त आणि तो सापडला तर नुकसानही जास्त. टोकाच्या एंडला तिथे एवढा भाव का असतो, त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे तो एक यार्ड.

अमेरिकेत दोन्ही रांगांमध्ये जेमतेम चेंडूच्या लांबीएवढं, एक फुटाहूनही कमी अंतर असतं. दोघांची हेल्मेटं जवळपास एकमेकांना भिडलेली. कॅनडात बचाव करणाऱ्या रांगेने चेंडूपासून पूर्ण एक यार्ड, म्हणजे तीन फूट मागे राहायचं असतं. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. पण लाइनमनचं शरीर, त्याचं तंत्र आणि त्याचा बाजारभाव हे सगळं त्या तीन फुटांनी बदलतं.

जवळून पाहू. स्नॅपच्या आधी एंड खाली वाकलेला असतो. एक हात जमिनीवर, बोटं गवतात रोवलेली, कंबर खांद्यांपेक्षा वर, मागच्या पायाची टाच उचललेली. क्वार्टरबॅक ओरडून आकडे आणि इशारे देत असतो आणि मुद्दाम आवाज चढवतो, म्हणजे समोरचा फसून आधीच उडी मारेल आणि पाच यार्डांचा दंड भरेल. अनुभवी एंड त्या आवाजाकडे कान देत नाही. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या हातवाऱ्यांना न भुलता त्याच्या पायांवर नजर ठेवतो ना, तसं. एंडची नजर चेंडूवर. चेंडू हलला की हा सुटतो.

पहिलं पाऊल सगळ्यांत महत्त्वाचं. अमेरिकेत त्या पहिल्या पावलातच टक्कर होते, त्यामुळे वजन आणि ताकद यांना फार किंमत. कॅनडात पहिलं पाऊल मोकळ्या जागेत पडतं. टक्कर दुसऱ्या पावलाला होते, आणि तोवर एंडच्या अंगात वेग आलेला असतो. पण हा व्यवहार एकतर्फी नाही. अडवणाऱ्या ऑफेन्सिव्ह टॅकललाही, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाच्या गड्यालाही, मागे सरकून पाय रोवायला तेवढाच वेळ मिळतो. म्हणून नुसतं पळून भागत नाही, हातांची लढाई जिंकावी लागते. समोरचा दोन्ही हात छातीवर रोवायला बघतो. ते हात तिथे बसले की खेळ संपला. मग एंड त्याचे मनगट झटकतो. एक हात वरून फिरवून त्याच्या खांद्यावरून पलीकडे जातो, त्याला स्विम म्हणतात. किंवा हात खालून वर उचलत काखेतून निसटतो, ते रिप. किंवा सरळ छातीवर धडक देऊन त्याला उलटं क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलत नेतो, तो बुल रश. आणि सगळ्यांत अवघड भाग त्यानंतर येतो: पूर्ण वेगात असताना खांदा जवळजवळ जमिनीकडे झुकवून आतल्या बाजूला वळायचं. घोट्यावर आणि नितंबाच्या सांध्यावर त्या वळणात जो ताण येतो, तो सहन करू शकणारी शरीरं फार थोडी असतात. या सगळ्याला मिळतात अडीच-तीन सेकंद. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून सुटला की ती सगळी मेहनत हिशेबात कुठेच दिसत नाही.

वेक सहा फूट तीन इंच उंच आणि साधारण ११८ किलोचा. आपल्याला हे वजन अवाढव्य वाटेल, पण एनएफएलच्या तेव्हाच्या हिशेबात तो अधेमधे अडकला होता. पेन स्टेट विद्यापीठात तो लाइनबॅकर होता, म्हणजे रांगेच्या मागे उभा राहणारा. लाइनवर उभं करायला तो हलका वाटायचा आणि लाइनबॅकर म्हणून मागे धावत जाऊन रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, सांभाळणं हे त्याचं बलस्थान नव्हतं. लायन्सने त्याला टोकाला एंड म्हणून उभं केलं. एक यार्ड मोकळी जागा मिळाल्यावर त्याच्या स्फोटक पहिल्या पावलाला अर्थ आला. २००७ मध्ये १६ सॅक झाले आणि त्या मोसमात तो लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडूही ठरला, सर्वोत्तम बचावपटूही. एकाच वर्षी हे दोन्ही किताब त्याच्याआधी कुणाला मिळाले नव्हते. पुढच्या वर्षी २३ सॅक. याच लायन्स संघात १९८४ साली जेम्स पार्करने एका मोसमात २६.५ सॅक केले होते आणि तो विक्रम मानला जातो. पार्करला सगळे ‘क्विक’ म्हणायचे. नाव चपळाईवरून पडलं, ताकदीवरून नाही, हे या जागेबद्दल बरंच काही सांगून जातं.

मधल्या टॅकलचं काम वेगळं आणि, माझ्या मते, जास्त कष्टाचं. त्याला सॅक कमी मिळतात. दोन गड्यांनी एकदम अंगावर यावं आणि तरी त्याने जागचं हलू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा. त्याने दोघांना गुंतवलं तरच टोकाच्या एंडला समोर एकटा गडी मिळतो. कॅनडात त्याची खरी परीक्षा तिसऱ्या डाउनला होते, जेव्हा समोरच्यांना शेवटचा एकच यार्ड हवा असतो. मधलं अंतरच एक यार्ड असल्यामुळे त्यांचा खेळाडू नुसता पुढे घुसला तरी बहुधा काम होतं. त्यासाठी संघ दुसरा दणकट क्वार्टरबॅक खास मैदानात आणतात. अशा वेळी टॅकल शक्य तितका खाली जातो, हनुवटी जमिनीपासून वीतभर, आणि समोरच्याच्या गुडघ्याखालून आत शिरायचा प्रयत्न करतो. दहातल्या बहुतेक वेळा तो हरणार हे त्याला माहीत असतं. त्या ढिगाऱ्यात कुणी काय केलं हे टीव्हीवर दिसतही नाही. तरी तिथे एकदा अडवलं की सामना फिरू शकतो.

मैदान रुंद असल्याने आणखी एक जबाबदारी येते. क्वार्टरबॅक बाजूला पळाला तर त्याच्यापुढे भरपूर मोकळी जागा असते. सॅकच्या नादात एंड आत घुसला आणि क्वार्टरबॅक बाहेरून निसटला, तर पंधरा-वीस यार्ड गेलेच म्हणून समजा. म्हणून प्रशिक्षक सांगतात की बाहेरची बाजू सोडू नकोस. यात सॅक मिळत नाही, पण नोकरी टिकते. उंच एंड आणखी एक गोष्ट करतात: पोहोचता येत नाही असं दिसलं की जागीच हात वर करून चेंडू अडवतात. विनिपेगचा विली जेफरसन सहा फूट सात इंच उंच आहे. २०१९ मध्ये त्याने असे १६ पास हाताने पाडले आणि लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या वर्षी त्याचे सॅक १२ होते. नुसता सॅकचा रकाना बघून लाइनमन जोखणाऱ्यांनी त्या मोसमाचे सामने जरूर बघावेत.

दमसासही लागतो. २०२५ पर्यंत कॅनडात पंचांनी इशारा केल्यावर पुढचा स्नॅप वीस सेकंदांत व्हायला लागायचा. एनएफएलमध्ये दोन डाउनमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ चालतं. दीडशे किलोचा पहाड या वेगात टिकणं कठीण. म्हणून कॅनडाच्या लाइनवर थोडे हलके, पळते गडी जास्त दिसतात.

आता पासपोर्टची गोष्ट. प्रेक्षक हा भाग विसरतात, पण खेळाडूचं अर्धं नशीब इथे असतं. सीएफएलमध्ये कॅनेडियन खेळाडूंसाठी जागा राखीव असतात. वर्षानुवर्षं नियम असा होता की आक्रमण आणि बचाव मिळून सुरुवातीला उतरणाऱ्या २४ जणांत किमान सात कॅनेडियन हवेत. अलीकडच्या करारात त्यात फेरफार झाले, पण तत्त्व तेच राहिलं. अमेरिकेत दरवर्षी शेकडो विद्यापीठांतून हजारो खेळाडू बाहेर पडतात. हे बंधन नसतं तर कॅनडाच्या लीगमध्ये कॅनेडियन औषधाला उरले असते. काही लोकांना असं आरक्षण खेळाच्या दर्जाविरुद्ध वाटतं. मला ते बरोबर वाटतं. लाव्हाल किंवा वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात खेळणाऱ्या पोराला पुढे खेळायला जागाच नसेल, तर तो हा खेळ कशाला धरून बसेल?

लाइनमनसाठी याचा परिणाम असा होतो की बरेच संघ राखीव जागा ऑफेन्सिव्ह लाइनवर भरतात आणि टोकाच्या एंडसाठी अमेरिकन आणतात. त्यामुळे अमेरिकन एंडची स्पर्धा भयंकर. दर वसंतात नवे तरुण येतात, एकाच जागेसाठी पाच-सहा जण झगडतात आणि जुना खेळाडू पगार वाढला की कापला जाऊ शकतो. उलट, टोकावर उभा राहून अमेरिकन एंडच्या तोडीचं खेळणारा कॅनेडियन मिळाला, तर तो सोन्याचा. त्याच्यामुळे संघाला दुसऱ्या एखाद्या जागी अमेरिकन खेळाडू उतरवता येतो. म्हणजे तो एका जागेवर खेळून दोन जागांचा प्रश्न सोडवतो, आणि करार करताना त्याचा एजंट हे विसरत नाही.

बीसी लायन्सकडे वेकच्या काळातच असा एक होता, ब्रेंट जॉन्सन. कॅनेडियन, ओहायो स्टेट विद्यापीठात खेळलेला. २००५ मध्ये त्याने १७ सॅक केले, आणि २००६ मध्ये सर्वोत्तम कॅनेडियन आणि सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही किताब घेतले. २००७ ला वेक आला तेव्हा दुसऱ्या टोकाला जॉन्सन उभा होता. समोरच्या ऑफेन्सिव्ह लाइनला दोघांवर दोन-दोन माणसं घालणं शक्य नव्हतं. वेकच्या आकड्यांमागे जॉन्सनचाही हात आहे, हे त्याच्या गोष्टीत फारसं कुणी सांगत नाही. त्या वर्षी लायन्सने १४ सामने जिंकले, तीन हरले, एक बरोबरीत सुटला. आणि मग पश्चिम विभागाच्या अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर सस्कॅचवानकडून हरले. वेकच्या हाती ग्रे कप कधीच आला नाही.

जॉन्सनचा तो १७ सॅकचा कॅनेडियन विक्रम मोडला मॅथ्यू बेट्सने, २०२३ मध्ये, १८ सॅक करून. तोही लायन्सचाच. बेट्स मॉन्ट्रियलचा, क्यूबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठाचा. २०१९ च्या सीएफएल ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला, पण आधी शिकागो बेअर्सकडे नशीब अजमावून आला. तिथे जमलं नाही. कॅनडात परतून त्याने पाय रोवले, विक्रम केला, मग २०२४ च्या सुरुवातीला डेट्रॉइटने बोलावलं, ऑगस्टमध्ये सोडलं, आणि तो पुन्हा लायन्सकडे आला. वेक आणि बेट्स दोघेही एकाच क्लबचे, एकाच जागेचे, दोघेही लीगचे सर्वोत्तम बचावपटू. एकाला एनएफएलने अकरा मोसम ठेवून घेतलं, दुसऱ्याला दोनदा परत पाठवलं. मला बेट्सची कारकीर्द कमी यशाची वाटत नाही. लाइनमनने आपल्या देशाच्या लीगमध्ये सर्वोत्तम असणं, हे एक पूर्ण यश आहे.

पैशाचं काय? इथे हिशेब कठोर आहे. २००७ मध्ये सीएफएलच्या एका अख्ख्या संघाची पगारमर्यादा ४०.५ लाख कॅनेडियन डॉलर होती. त्याच वर्षी एनएफएल संघाची मर्यादा १० कोटी ९० लाख अमेरिकन डॉलर. आजही चित्र फार वेगळं नाही. २०२३ मध्ये सीएफएलचा किमान पगार ७०,००० कॅनेडियन डॉलर होता, म्हणजे अमेरिकन पन्नास हजारांच्या आसपास. एनएफएलमध्ये तेव्हा नवख्याचा किमान पगार ७,५०,००० अमेरिकन डॉलर होता. चांगला एंड कॅनडात किमान पगाराच्या तीन-चार पट मिळवू शकतो, पण बहुसंख्य लाइनमन त्या पातळीपर्यंत पोहोचत नाहीत. मोसम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, १८ सामन्यांचा, आणि पगार त्या सामन्यांवर वाटलेला. उरलेल्या महिन्यांत कुणी शाळेत शिकवतो, कुणी व्यायामशाळा चालवतो, कुणी विमा विकतो.

शिवाय कराराची हमी हा प्रकार इथे फार काळ नव्हताच. दोन वर्षांचा करार असला तरी संघ उद्या सकाळी बोलावून सांगू शकायचा की सामान आवर. २०२२ च्या सामूहिक करारात पहिल्यांदा काही प्रमाणात हमी आली, आणि ती सुखासुखी आली नाही. त्या मे महिन्यात नऊपैकी सात संघांच्या खेळाडूंनी सरावशिबिर सोडून संप केला. १९७४ नंतरचा हा पहिलाच संप, चार दिवस चालला. दोन वर्षांपूर्वीच, २०२० मध्ये, कोविडमुळे अख्खा मोसम रद्द झाला होता. तिशी ओलांडलेल्या लाइनमनसाठी ते वर्ष कायमचं गेलं.

या बाजूची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट ज्या माणसाची आहे, तो आज जगभर ‘द रॉक’ म्हणून ओळखला जातो. ड्वेन जॉन्सन मायामी विद्यापीठात डिफेन्सिव्ह टॅकल होता आणि १९९१ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता. एनएफएलने घेतलं नाही म्हणून १९९५ मध्ये कॅलगरी स्टॅम्पीडर्सकडे आला, सराव पथकात तुटपुंज्या मानधनावर राहिला आणि मोसमाच्या मध्येच त्याला काढलं. घरी पोहोचलो तेव्हा खिशात सात डॉलर होते, असं तो सांगतो. त्याच्या निर्मितिसंस्थेचं नाव सेव्हन बक्स आहे ते त्यावरूनच. तेव्हा कॅलगरीचे प्रशिक्षक होते वॉली ब्युओनो. बारा वर्षांनी व्हँकुव्हरला वेकला मैदानात उतरवणारे प्रशिक्षकही हेच ब्युओनो. पाच ग्रे कप जिंकलेला हा माणूस लाइनमन ओळखण्यात कच्चा नव्हता. जॉन्सनची जागा तिथे नव्हती, वेकची होती. पण कुस्तीच्या आखाड्यात उतरायचा पर्याय प्रत्येकाकडे नसतो. जे नुसते काढले गेले, त्यांची नावं कुठे छापूनही येत नाहीत.

टिकणारेही असतात. हॅमिल्टन टायगर-कॅट्सचा ग्रोव्हर कॉव्हिंग्टन १९८१ ते १९९१ अकरा मोसम खेळला आणि १५७ सॅक करून गेला. तीन दशकं उलटून गेली तरी कारकिर्दीतल्या सॅकचा विक्रम त्याच्याच नावावर आहे. मॉन्ट्रियल अलुएट्सचा जॉन बोमन इनडोअर लीगमधून आला, २००६ पासून २०१९ पर्यंत एकाच संघात राहिला, १३४ सॅक केले आणि २००९, २०१० असे लागोपाठ दोन ग्रे कप जिंकला. एका शहरात चौदा वर्षं काढणं या धंद्यात दुर्मीळ आहे.

पण एवढी वर्षं टिकलेल्या शरीराची किंमत मोजावी लागते. धावणाऱ्या खेळाडूला अधूनमधून जबर टक्कर बसते. लाइनमनला प्रत्येक डाउनला बसते. एकेक धक्का लहान, पण एका सामन्यात पन्नास-साठ वेळा, आणि त्यात डोकं असतंच. बोटं वाकडी होतात, गुडघ्याची कूर्चा झिजते, खांदा उचलत नाही. नोव्हेंबरात रेजायना किंवा एडमंटनला मैदान गोठलेलं असतं; १९९१ चा विनिपेगमधला ग्रे कप उणे १७ अंशांत खेळला गेला. लीगने २०१७ मध्ये मोसम सुरू असताना पॅड घालून होणारे सराव बंद केले. तो निर्णय लाइनमनच्या फायद्याचा होता, कारण सरावातल्या टकरी सगळ्यांत जास्त त्यांच्याच वाट्याला यायच्या. दुखापतीनंतरच्या उपचारांचा खर्च मात्र बराच काळ फक्त एक वर्ष मिळायचा. २०१९ च्या करारात ती मुदत टप्प्याटप्प्याने तीन वर्षांपर्यंत नेली. डोक्याच्या दुखापतींबद्दल लीगला न्यायालयात खेचण्याचा प्रयत्न माजी रिसीव्हर आर्लंड ब्रूस यांनी केला. असा वाद सामूहिक करारातल्या लवादापुढेच जायला हवा, असं खालच्या न्यायालयांनी म्हटलं आणि २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. खेळाडूंच्या बाजूने बोलायचं तर ही व्यवस्था अपुरी आहे. चाळिशीनंतर दुखणारा गुडघा तीन वर्षांची मुदत बघून दुखत नाही.

वेकचं शरीर अपवादात्मक टिकलं. जानेवारी २००९ मध्ये तो मायामी डॉल्फिन्सकडे गेला, दुसऱ्याच मोसमात १४ सॅक केले, २०१२ मध्ये १५. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सिनसिनाटीविरुद्ध जादा वेळेत त्याने क्वार्टरबॅक अँडी डाल्टनला त्याच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गाठून पाडलं आणि त्या एका पकडीवर सामना २२–२० असा संपला. २०१५ मध्ये टाचेमागची अकिलीस शीर तुटली. एंडचं सगळं भांडवल पहिल्या पावलात असतं, आणि ते पाऊल याच शिरेच्या जोरावर पडतं. तिशीनंतर ती तुटलेला माणूस परतला तरी पूर्वीसारखा राहत नाही, असं सगळे धरून चालतात. २०१६ मध्ये ३४ वर्षांचा वेक परत आला आणि ११.५ सॅक केले.

सीएफएलमध्ये आता मोठे बदल होताहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये लीगने जाहीर केलं की २०२६ पासून दोन डाउनमध्ये ३५ सेकंदांचं घड्याळ आपोआप सुरू होईल, आणि २०२७ पासून मैदानाची लांबी ११० वरून १०० यार्ड होईल, एंड झोन २० ऐवजी १५ यार्डांचे होतील, गोलपोस्ट मागे सरकतील. जुन्या चाहत्यांत यावरून बराच संताप आहे. लाइनमनच्या नजरेने पाहिलं तर यातला घड्याळाचा बदल महत्त्वाचा: विश्रांतीचा वेळ बदलला की प्रशिक्षक मधल्या जागांवर अधिक वजनदार टॅकल वापरून बघतील, असा माझा अंदाज आहे. तीन डाउन, बारा खेळाडू, ६५ यार्डांची रुंदी आणि दोन रांगांमधला तो एक यार्ड मात्र लीगने तसाच ठेवला आहे.